वाचता वाचता बोलणाऱ्याची बाजू

‘पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय त्याविषयी मत देऊ नये’ हा दंडक आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याचे कारण कोणी विचारत नाही. वाचकमंडळाच्या बैठकीत कोणी सांगू लागते, ‘सध्या अमुक वाचतेय, शंभरेक पानं झाली, भाषा फार आवडली, पण नायकाचा राग येतोय,’ आणि समोरून ठरलेले उत्तर येते, ‘ताई, आधी संपवा, मग बोलू.’ ताई ओशाळतात. पुढच्या बैठकीपर्यंत पुस्तक संपते, राग निवळलेला असतो, आणि सांगण्यासारखे एवढेच उरते की पुस्तक चांगले आहे, सगळ्यांनी वाचावे. महिन्याभरापूर्वी जे जिवंत बोलणे झाले असते, ते गेले ते गेलेच.

हा दंडक एका ठरावीक कामापुरता खरा आहे. त्या कामाबाहेर तो लावणे तर्काला धरून नाही, आपल्या शास्त्रपरंपरेलाही धरून नाही, आणि वाचनाच्या दृष्टीने तर नुकसानीचे आहे. हे मला नीट मांडायचे आहे. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी समोर यायला हवा, कारण तो लेचापेचा नाही.

पूर्वपक्षाचा पहिला आधार मीमांसेचा आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी ज्या खुणा सांगितल्या, त्यांत पहिली जोडी उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हीच कसोटी पुढे केली. अर्जुन लढायला नकार देतो तिथे गीता सुरू होते, तो लढायला उभा राहतो तिथे संपते. तेव्हा तिचे तात्पर्य कर्म सोडण्यात असणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मधला एखादा अध्याय धरून बसणाऱ्याला गीता नुसती योगाची वाटेल, दुसऱ्याला नुसती भक्तीची वाटेल. अर्धवट वाचन माणसाला असे चकवते.

दुसरा आधार न्यायालयाचा. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही लघुकादंबरी ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या लेखकाला १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. सुट्या उताऱ्यांवरून निवाडा करायचा नाही, कृती समग्र पाहायची, ही त्यातली महत्त्वाची भूमिका होती. मराठी लेखकाला त्या भूमिकेने वाचवले, हे विसरून चालणार नाही.

तिसरा आधार सर्वांत गंभीर आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. जेम्स लेन यांच्या पुस्तकावरचा राग तिथल्या पोथ्यांवर आणि ग्रंथांवर निघाला. पूर्वपक्ष विचारतो, पुस्तक न वाचता त्याविषयी मत बाळगण्याची सवय समाजाला लावायची का?

आता उत्तरपक्ष.

पहिल्या आधारापासून सुरुवात करतो. मीमांसेचा नियम तात्पर्यनिर्णयाचा आहे. ‘ग्रंथाला शेवटी काय म्हणायचे आहे’ या एकाच प्रश्नासाठी तो सांगितला आहे. आता, पुस्तक हातात असताना माणसे काय बोलतात ते ऐका. ‘पात्रं इतकी आहेत की मी कागदावर वंशावळ काढून ठेवलीय.’ ‘हा निवेदक काहीतरी लपवतोय असं वाटतं.’ ‘तीन दिवस झाले, ते प्रकरण ओलांडून पुढे जाववत नाही.’ ‘अनुवाद वाईट आहे, वाक्यं अडखळतात.’ यातले एकही विधान तात्पर्याचे नाही. अनुवाद अडखळतो की वाहतो हे दहा-पंधरा पानांत कळते. ते सांगण्याचा अधिकार मिळवण्यासाठी चारशे पाने सोसावी लागत असतील, तर असला अधिकार कोणाला हवा? भाषेविषयीचे मत, निवेदकावरच्या विश्वासाविषयीचे मत आणि ग्रंथाच्या तात्पर्याविषयीचे मत, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्याला लागणारी अट पहिल्या दोहोंवर लादणे हा अतिव्याप्तीचा दोष आहे.

पण एवढ्यावर थांबायचे कारण नाही. तात्पर्याच्या बाबतीतसुद्धा शेवटालाच सारा मान आहे, हे मीमांसकांनी कधी मान्य केले? जैमिनिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक प्रसिद्ध अधिकरण आहे. ज्या वेदवाक्याचा तिथे विचार चालला आहे, त्याच्या आरंभी तीन वेदांची उत्पत्ती सांगितली आहे आणि शेवटी विधी आहे, की ऋक् उंच स्वरात म्हणावी, यजुस् हळू म्हणावे. प्रश्न असा की, शेवटच्या ‘ऋक्’चा अर्थ छंदोबद्ध मंत्र असा घ्यायचा की सगळा ऋग्वेद? शेवटचे वाक्य सुटे वाचले तर ‘मंत्र’ हाच सरळ अर्थ निघतो. पण निर्णय उलट झाला. आरंभी वेदांचा विषय निघाला आहे, तेव्हा शेवटीही वेदच घ्यायचा. त्यामागचे कारण मला फार मोलाचे वाटते. आरंभ ऐकताना त्याला विरोध करणारे काहीच पुढे आलेले नसते. त्यामुळे त्याचा अर्थ निर्वेध मनात बसतो, आणि मागून येणाऱ्याला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणजे वाचकाच्या मनात अर्थ कोणत्या क्रमाने उभा राहतो, याला शास्त्राने प्रमाण मानले आहे.

सोळाव्या शतकात या मुद्द्यावर दक्षिणेत मोठा वाद झाला. माध्व संप्रदायाच्या व्यासतीर्थांनी जुनी मांडणी उलटी करून शेवट हा आरंभापेक्षा बलवान आहे असे प्रतिपादन केले. त्यांच्या खंडनासाठी अप्पय्य दीक्षितांनी ‘उपक्रमपराक्रम’ नावाचा ग्रंथच लिहिला. त्यावर विजयींद्रतीर्थांचे ‘उपसंहारविजय’ हे उत्तर आले. द्वैत-अद्वैताची ओढाताण त्यामागे होती हे खरे, परंतु प्रश्न आपलाच होता : सुरुवातीला झालेला बोध खरा धरायचा की शेवटी होणारा? एवढ्या मोठ्या पंडितांनी ज्यावर ग्रंथ खर्ची घातले, तो प्रश्न ‘आधी संपवा’ या दोन शब्दांत निकाली निघतो असे मानणे बरोबर नाही.

पूर्वपक्षाच्या उरलेल्या दोन आधारांकडे पुढे येतोच. त्याआधी माझा दुसरा मुद्दा, रसाचा. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त अभिनवगुप्ताचा जो सिद्धान्त दिला आहे, त्याप्रमाणे विभाव, अनुभाव वगैरे समोर असतात तोवरच रसाला जीवन असते. पन्हे पीत असताना गूळ, कैरी, वेलदोडा यांची मिळून जी एक चव लागते, ती पिणे चालू असेतोवरची. रस असाच चर्वणेत, म्हणजे प्रत्यक्ष आस्वादात असतो, चर्वणेआधी नाही आणि नंतरही नाही. हे खरे असेल, तर पुस्तक मिटल्यावर पंधरा दिवसांनी दिलेले मत कशाचे असते? आठवणीचे. नैयायिकांनी तर बुद्धीचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग करून प्रमेचे, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे, स्थान यथार्थ अनुभवालाच दिले, स्मृतीला नाही. आपला दंडक नेमका अनुभवाला गप्प बसवतो आणि स्मृतीला व्यासपीठावर बोलावतो. पाश्चात्त्य समीक्षेतही स्टॅन्ली फिश यांनी १९७० साली असाच आग्रह धरला होता. वाक्य उलगडत असताना वाचकाच्या मनात क्षणाक्षणाला जे घडते, चुकीचे अंदाजसुद्धा, तो सगळा अर्थाचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

‘कोसला’ घ्या. १९६३ साली नेमाड्यांची ही कादंबरी आली, तेव्हापासून तरुण वाचकांच्या पिढ्या तिच्यातून गेल्या. पुण्यातले वसतिगृह, मेस, गॅदरिंग, मित्रांची टोळकी हा भाग वाचणारा मुलगा हसतो, ओळी मोठ्याने वाचून दाखवतो, ‘हे आपलंच आहे’ म्हणतो. पुढे नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू येतो आणि तोच वाचक दोन दिवस कोणाशी बोलत नाही. त्यानंतर गावाकडचा, वडिलांशी तुटलेपणाचा, हताश भाग येतो. तिथे त्याला कंटाळा येतो किंवा धास्ती वाटते. पुस्तक संपल्यावर विचाराल तर तो म्हणेल, ‘उदास कादंबरी आहे.’ हे तात्पर्य म्हणून ठीक आहे. पण तो हसला होता, आणि त्या हसण्यामुळेच पुढचा मृत्यू एवढा लागला, ही माहिती या उत्तरात कुठेच नाही. कादंबरीने वाचकाला कसे गाठले, कुठे गाफील पकडले, हे फक्त मधल्या मुक्कामावरचा माणूस सांगू शकतो. वसतिगृहाच्या पानांवर असताना तो जे बोलतो ते चूक नाही. त्या पानांचे ते खरे वर्णन आहे.

इतिहास काय सांगतो तेही पाहू. मराठी कादंबरीला वयात आणणारे हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्या नायिकेची, यमूची, कहाणी पहिल्या वाचकांनी आठवड्या-आठवड्याने वाचली. त्यांच्यापुढे संपलेले पुस्तक नव्हतेच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. १९३६ साली त्या गेल्या, आणि राहिलेला भाग त्यांच्या मुलाने पुरा केला. पहिला भाग वाचून ज्यांनी लक्ष्मीबाईंना डोक्यावर घेतले, त्यांनी घाई केली असे कोणी म्हणेल? त्याआधी कितीतरी शतके बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली होती. उत्तरार्ध त्याच्या मुलाचा आहे, आणि संस्कृत रसिकांनी बाणाचे कौतुक त्याच्या अपुऱ्या भागावर केले.

पण मधल्या वाचकाच्या मताचे मोल सगळ्यात स्पष्ट दिसते ते लंडनमधल्या एका प्रसंगात. चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात दर महिन्याला एक अंक अशी निघत होती. डिसेंबर १८४९च्या अंकात मिस मॉचर नावाचे एक पात्र आले. ठेंगणी बाई, श्रीमंतांच्या घरी जाऊन केस-नखे करणारी, तोंडाळ, आणि एका मुलीच्या फसवणुकीत पुढे हात असणार अशी शंका यावी अशी. डिकन्सच्या शेजारी अशाच उंचीची, पायांची आणि नखांची निगा राखण्याचा व्यवसाय करणारी मिसेस सीमोर हिल नावाची बाई राहत होती. तिने त्या पात्रात स्वतःला ओळखले आणि डिकन्सला पत्र लिहून आपल्या वेदना कळवल्या. डिकन्सने उत्तर देऊन पात्र बदलण्याचे वचन दिले, आणि पाळले. पुढच्या एका अंकात मिस मॉचर परत येते ती हळहळत, आपण फसवले गेलो हे सांगत. माणसाच्या शरीरातल्या उणिवेवरून त्याच्या मनाची परीक्षा करू नका, असे ती डेव्हिडला बजावते. शेवटाकडे तर एका बदमाशाला पकडून देण्याचे श्रेयही तिला मिळते.

आता त्या बाईला कोणी ‘आधी कादंबरी संपू द्या, मग बोला’ असे सांगितले असते तर? अकरा महिन्यांनी तिचे मत पूर्ण वाचनावर आधारलेले, निर्दोष आणि निरुपयोगी झाले असते. मिसेस हिलने कादंबरीच्या तात्पर्यावर एक शब्द काढला नव्हता. वाचलेल्या पानांनी आपल्यावर काय ओढवले, एवढेच तिने सांगितले. ते सांगायला पुढचे एकही पान लागत नव्हते.

कोणी म्हणेल, छापून झालेल्या पुस्तकाला हे लागू नाही. तिथे लेखक काही बदलू शकत नाही. कबूल. पण वाचक बदलू शकतो. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेल्या काकू काउंटरवर सांगतात, ‘अर्धंच झालं, पण पहिली पन्नास पानं धीर धरा, मग सोडवत नाही,’ तेव्हा मागे उभ्या असलेल्याला जी मदत होते, ती छापील परीक्षणाने होत नाही. आणखी एक फायदा सहसा ध्यानात येत नाही. रहस्यकथेचा शेवट फोडण्याचे भय संपवलेल्या वाचकाकडून असते. अर्ध्यावरचा वाचक तो फोडूच शकत नाही.

प्रवचनाची परंपरा मी येथे सहज पुढे करू शकलो असतो. ज्ञानेश्वरीच्या सप्ताहात अठराव्या अध्यायाची वाट न पाहता त्या त्या दिवशीच्या ओव्यांवर निरूपण होते, ऐकणारेही त्यावर बोलतात. पण पूर्वपक्ष लगेच म्हणेल की त्या माणसांनी ज्ञानेश्वरी आधी कितीदा तरी ऐकलेली असते, आणि त्याचे ते म्हणणे बरोबर आहे. म्हणून या उदाहरणावर मी भार देत नाही. एवढेच नोंदवतो की संपूर्ण ग्रंथ ठाऊक असलेल्यांनाही रोजच्या ओवीशी त्या दिवशीपुरते थांबावेसे वाटते.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात निकडीचा वाटतो. समजा, दहा जणांनी एक कादंबरी हाती घेतली. सहा जणांनी ती मधेच ठेवून दिली, चौघांनी संपवली. दंडकाप्रमाणे बोलण्याचा हक्क चौघांना. त्यांतले बहुतेक कादंबरी आवडली म्हणूनच शेवटपर्यंत टिकले आहेत. साहजिकच चर्चेत कौतुकच कौतुक होते. मग पुस्तक विकत घेऊन साठाव्या पानावर अडलेला अकरावा वाचक समजतो की कमतरता आपल्यात आहे. सहा जणांनी पुस्तक कुठे ठेवले आणि का, हे ऐकायला मिळाले असते तर ते लेखकाला, प्रकाशकाला आणि त्या अकराव्याला किती उपयोगाचे होते! पुस्तक सोडून देणे हेही वाचनाचेच एक फळ आहे, आणि त्याची साक्ष घेण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

आणि हा नियम लोकांमधून निवड कोणाची करतो ते पाहा. ज्यांच्याकडे सलग वेळ आहे त्यांची. लोकलमध्ये उभ्याने वाचणारी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांच्या फटीत वाचणारी, वाचनालयाची मुदत संपली म्हणून अर्धे पुस्तक परत करणारी माणसे त्यातून आपोआप गळतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधे असलेले भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. घराघरांत मांडलेली पुस्तके येणाराजाणारा तिथेच बसून वाचतो आणि पुढच्या प्रवासाला लागतो. तिथे बहुतेकांचे वाचन अर्धेच राहणार. म्हणून त्यांना मत नाही असे ठरवायचे का?

आता तिसऱ्या आधाराचे उत्तर, कारण ते टाळण्याजोगे नाही. जमावाचा आणि वाचता वाचता बोलणाऱ्याचा काही संबंध नाही. जमावातला माणूस पुस्तकाबाहेर उभा असतो. कोणीतरी काढून दिलेले एक वाक्य त्याच्या हाती असते, आणि तेवढ्यावर तो शिक्षा ठरवतो. वाचणारा पुस्तकाच्या आत असतो, आणि ‘मी नव्वदाव्या पानावर आहे’ असे म्हणताना आपल्या ज्ञानाची सीमाच जाहीर करतो. तशी कबुली देण्याची सवय ज्या समाजात रुजते, तिथे सुट्या वाक्यावरून माथी भडकवणे अवघड जाते, कारण कोणीतरी विचारतेच, ‘तुम्ही कितव्या पानापर्यंत आलात?’ न्यायालयाच्या बाबतीतही तेच. लेखकाला दोषी ठरवायचे तर ग्रंथ समग्र पाहा, यात तडजोड नाही. परीक्षण छापायचे, पुरस्कार द्यायचा, अभ्यासक्रमात लावायचे किंवा काढायचे, तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि जमल्यास दोनदा वाचा. जिथे मताने कोणाचे बरेवाईट ठरते, तिथे पूर्वपक्ष पूर्ण खरा आहे. गप्पांमध्ये कोणाचा निवाडा होत नसतो.

तेव्हा अर्ध्यावरच्या मतालाही शिस्त हवी, ती अशी. आपण कुठे आहोत ते आधी सांगावे. जे वाचले त्याचा अनुभव आणि पुढचा अंदाज यांची सरमिसळ करू नये. ‘लेखकाला असं म्हणायचं आहे’ हे वाक्य शेवटापर्यंत राखून ठेवावे. आणि पुढे मत फिरले तर ते फिरले हे, कुठल्या पानाने फिरवले त्यासकट, सांगावे. एवढे पाळले की मधले मत हे परिपूर्ण, प्रामाणिक मत होते.

गावोगावच्या वाचकमंडळांना आणि वाचनालयांना माझी विनंती आहे. ‘वाचून संपवलेल्या पुस्तकाविषयीच बोलावे’ हा नियम कार्यक्रमपत्रिकेत असेल तर तो काढा. दर बैठकीचा पहिला अर्धा तास चालू वाचनाला द्या, आणि सोडून दिलेल्या पुस्तकांनाही त्यात जागा ठेवा. कोणी अडखळत सांगू लागले की अजून संपलेले नाही, तर एवढेच विचारा : कितवे पान, आणि काय झाले तिथे?